सायोची लड उएनोच्या टेकडीवर

आमच्या जोशू मुलखात पुरुष दोनच गोष्टींना भितात. एक हिवाळ्यात आकागी डोंगरावरून सुटणारा कोरडा वारा आणि दुसरी घरची बायको. त्यातला वारा निदान वसंतात तरी थांबतो, असं तोकुजी म्हणायचा, आणि हे तो सायो चार घरं पलीकडे असेल तेव्हाच म्हणायचा. सायो त्याची बायको. ती रेशीम काढायची, तो तिच्या लडी पाठीवर मारून बाजाराला न्यायचा. घर कुणाच्या जिवावर चालतं हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्यात भांडण असं कधी झालंच नाही. ती बोलायची आणि तो ऐकायचा.

सायो नवव्या वर्षी आईशेजारी गरम पाण्याच्या पातेल्याशी बसली, ती त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत उठलीच नाही म्हटलं तरी चालेल. पाण्यात कोष तरंगत असतात. डाव्या हाताच्या बोटांनी त्यांची टोकं शोधायची, पाच कोषांचे तंतू जुळवून एक धागा करायचा आणि उजव्या हाताने फाळका फिरवत तो गुंडाळायचा. एवढं कुणालाही जमतं. खरी मेख पुढे आहे. कोष संपत आला की त्याचा तंतू बारीक होत जातो, आणि नेमक्या त्या घटकेला नवा कोष लावावा लागतो. घाई केली तर धागा जाड होतो, उशीर झाला तर पिचतो. बाकीच्या बायका त्यासाठी डोळे ताणून बसत. सायो मात्र शेजारणीशी गप्पा मारता मारता बोट बुडवायची आणि नवा कोष लावून मोकळी व्हायची. तिच्या डाव्या हाताची बोटं वाफेने पांढरी पडून शिजलेल्या शेंगांसारखी झाली होती. गावातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखाली शिकल्या, आणि शिकताना सगळ्याच्या सगळ्या रडल्या.

मेइजी सम्राटांच्या राजवटीच्या दहाव्या सालच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. आधी तिला वाटलं चूल धुमसतेय, म्हणून तिने तोकुजीला ओल्या लाकडांवरून बोलून घेतलं. लाकडं कोरडी ठणठणीत होती. गावच्या वैद्याने पापण्या वर करून पाहिलं आणि मोतीबिंदू म्हणून सांगितलं. वर्षभर थोडंफार दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असंही तो म्हणाला. सायोने घरी येऊन पातेलं घासलं, आणि त्या दिवशी कुणालाच काही बोलली नाही. तोकुजी त्यामुळे जास्त घाबरला.

त्याच दिवसांत गावप्रमुख इसोगाईंनी सगळ्यांना देवळात बोलावलं. तोक्योला, उएनोच्या टेकडीवर, सरकार एक मोठं उद्योग प्रदर्शन भरवणार होतं. साऱ्या देशातून जे जे हाताने आणि यंत्राने बनतं ते तिथे मांडायचं, परीक्षकांनी पारखायचं आणि चांगल्याला पदक द्यायचं. गावाला प्रदर्शन म्हणजे देवळाच्या जत्रेतला तमाशाच माहीत होता. एकाने दोन तोंडांचा मुळा आणला. दुसऱ्याने डोंगरातल्या नाकाड्या राक्षसाचं म्हणून एक नख काढलं, जे त्याच्या आजोबांपासून घरात होतं. इसोगाईंनी सरकारी कागद पुन्हा वाचला: नवलाच्या वस्तू नकोत, उपयोगाच्या हव्यात. नखवाला रुसून घरी गेला. मग कुणीतरी म्हणालं की आपल्याकडे सायोबाईंचा धागा आहे, आणि त्यावर दुसरं नाव निघालं नाही.

जूनमध्ये ताजे कोष आले. सायोने टोपल्यांमधून एकेक कोष बोटांत फिरवून निवडला. अकरा दिवस ती सकाळचा उजेड दारात येईल तेवढा वेळच काम करायची, कारण त्यापुढे तिला काही दिसत नव्हतं. घरात कुणी मोठ्याने शिंकायचं नाही असा हुकूम होता. बाराव्या दिवशी तिने लड फाळक्यावरून उतरवली आणि तोकुजीच्या हातात दिली.

"बघून ठेवा नीट," ती म्हणाली. "असली लड आता या हातून होणार नाही. ही शेवटची."

तोकुजीने तीस वर्षं रेशीम वाहिलं होतं, पण ती लड हातात घेऊन तो नुसता उभा राहिला. शेवटी तो म्हणाला की फार हलकी आहे.

आता गावाने जे केलं ते फक्त आमचंच गाव करू जाणे. प्रदर्शन उघडायला खुद्द सम्राट येणार असं कळलं होतं. मग ही वस्तू नुसती पाठवायची कशी? राजाला द्यायची ती भेट म्हणजे अर्पण, आणि अर्पण उघडं नेत नाहीत. सुताराने किरीच्या लाकडाची पेटी केली, इतकी चोख की झाकण ठेवलं की आपसूक श्वास सोडल्यासारखं खाली बसायचं. लड आत गेली. वर पांढऱ्या शुभ्र जाड कागदाची पट्टी आली. देवळाच्या पुजाऱ्याने लाल-पांढऱ्या कागदी दोरीची ती गाठ बांधली जी लग्नात बांधतात, दोन्ही टोकं ओढली की आणखी घट्ट बसणारी. सायोने एकदाच विचारलं, की एवढं बांधलं तर लोक बघणार कसं? पुजारी म्हणाले, ज्याला दिलंय तो सोडेल, देणाऱ्याने त्याची काळजी करायची नसते. गाव वेशीपर्यंत पेटीला पोचवायला गेलं, आणि पेटी दिसेनाशी होईपर्यंत वाकून उभं राहिलं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दक्षिणेत बंडवाल्यांशी चाललेली लढाई संपल्याची बातमी आली, पण लडीची आली नाही. ऑक्टोबरच्या शेवटी घोडेवाला गेनपाची तोक्योहून परतला आणि चार दिवस त्याने गावाला काम करू दिलं नाही. उएनोच्या दाराशी तीन माणसं उंच पवनचक्की आहे आणि ती वाऱ्याने पाणी उपसते. तीन माणसं नाही, दहा माणसं उंच. विटांचं घर आहे, त्यात नुसती चित्रं. एका घरात यंत्रं दात खात उभी आहेत. ऐंशी हजारांवर वस्तू आहेत म्हणे, त्याने स्वतः तीनशे मोजल्या आणि मग त्याला भोवळ आली. आणि आपल्या गावची पेटी? अहाहा, काय मान. कोपऱ्यातल्या उंच फळीवर एकटी, गाठ जशीच्या तशी, एक सुरकुती नाही.

लोकांनी समाधानाने माना डोलावल्या. सायोने हातातला वाडगा खाली ठेवला.

"गाठ जशीच्या तशी?" तिने विचारलं.

"काकू, अगदी जशीच्या तशी. कुणाची हिंमत आहे हात लावायची?"

त्या दिवसापासून सायोचं जेवणावरचं मन उडालं. गावाला कळेना की हिला झालंय काय, एवढा मान मिळाला तरी तोंड वाकडं. तोकुजीला मात्र कळलं. त्याने दोन जोड गवती चपला विणल्या, बार्लीच्या भाताचे गोळे बांधले आणि म्हणाला, चल. एवढ्या वर्षांत हुकूम सोडण्याची त्याची ही पहिलीच वेळ. सायो मुकाट्याने उठली.

तोने नदीतून मालाच्या होडीत बसून ते दोघं दीड दिवसात तोक्योला उतरले. उएनोच्या पायथ्याशी आले तेव्हा तोकुजी जरा थबकला. नऊ वर्षांपूर्वी याच टेकडीवर जुन्या राजवटीची माणसं तोफांखाली मेली होती, देवळं जळाली होती, आणि त्या धुराच्या गोष्टी आमच्या गावापर्यंत पोचल्या होत्या. आता तिथून माणसांची रांग चढत होती, आणि कुणी आंधळ्या आईला पाठुंगळी घेतलं होतं, कुणी दाराशी चपला काढून हातात धरल्या होत्या, आणि शिपाई सगळ्यांना ओरडून सांगत होते की चपला घाला, हे देऊळ नाही. सायोने तरीही आत पाऊल टाकताना हात जोडले. पवनचक्की तिला दिसली नाही, पण तिच्या पात्यांची सावली तोंडावरून गेली तेव्हा ती मान वर करून किती तरी वेळ थांबली. हे माणसाने केलंय का, असं तिने विचारलं. तोकुजी हो म्हणाला. तिने पुन्हा हात जोडले.

आत तिला रंगांचे ढग दिसत होते आणि बाकी सगळं ती कानांनी आणि नाकाने बघत होती. लाखेचा वास, नव्या चटयांचा वास, चहाचा, लोखंडाच्या तेलाचा. तोकुजी शेजारून सांगत होता: हे माणसाएवढं चिनी मातीचं भांडं, ही दक्षिणेतल्या सत्सुमाची फुलदाणी, हे उत्तरेकडच्या बेटावरचं अस्वलाचं कातडं. सांगता सांगता त्याचा आवाज बसला. सायोला वाटलं की आपण देश देश म्हणतो तो बहुतेक हाच असावा, एवढ्या माणसांनी एवढ्या दूर बसून एकमेकांना न बघता केलेलं काम. तिने तोकुजीची बाही घट्ट धरली.

रेशमाच्या दालनात आमच्या मुलखाच्या फळीपाशी मिझोनो नावाचे अधिकारी होते. पूर्वीचे सामुराई, आता तलवारीच्या जागी हातात पिसांचा झटकणा. त्या पेटीवरची धूळ ते रोज सकाळी स्वतः झटकत. ही बाई देणारी आहे हे कळल्यावर ते चक्क वाकले आणि मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं काढलं. पेटी आली तेव्हाच त्यांना प्रश्न पडला होता. अर्पणाची गाठ, ती ज्याला दिली त्यानेच सोडायची. सम्राट आले, गेले, पेटीपाशी थांबले नाहीत. मिझोनोंनी वर पत्र लिहून विचारलं, त्याचं उत्तर अजून यायचं होतं. परीक्षक दोनदा येऊन गेले.

"त्यांनी काही लिहिलं का?" तोकुजीने विचारलं.

मिझोनोंनी घसा साफ केला. "लिहिलं ना. पेटी उत्तम, असं लिहिलं."

तोकुजीला सुताराचा चेहरा आठवला आणि हसू येऊ लागलं, पण सायोकडे बघून त्याने ते गिळलं. परीक्षकांची शेवटची फेरी त्याच दुपारी होती. त्यानंतर वह्या बंद होणार. मिझोनो म्हणाले की मी गाठ सोडली तर माझी नोकरी जाईल, आणि तुम्ही सोडली तर दिलेलं दान परत घेतल्यासारखं होईल, त्याचं पाप मी कसं घेऊ? एकूण प्रत्येकाची अडचण अगदी रास्त होती, आणि लड पेटीतच होती.

सायोने विचारलं की शेजारचे धागे जरा बघू का? वस्तूंना हात लावायची सक्त मनाई होती. मिझोनोंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मग ते वळून दुसऱ्या फळीवरची धूळ झटकू लागले.

पहिल्या दोन-तीन लडी तिने नुसत्या चिमटीत धरून सोडल्या. एकीबद्दल म्हणाली, ही बाई आळशी आहे. मग तिचा हात एका लडीवर गेला आणि तिथेच राहिला. तिने धागा बोटांमधून ओढला, ओठांवर धरून ओढला, पुन्हा मागे नेला. कुठे गाठ नाही, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. पाच कोषांपैकी कुठला कधी संपला याचा मागमूस नाही. तिला वाटलं आपली बोटंच बधिर झाली, म्हणून तिने आपल्या बाहीची किनार चाचपून पाहिली. बोटं ठीक होती.

"हे कुणी केलं?" तिने हळूच विचारलं.

तो सरकारी कारखान्यातला यंत्राचा धागा होता.

चव्वेचाळीस वर्षं तिने ज्या धाग्याचा ध्यास घेतला होता तो दुसऱ्याच कुणी करून इथे फळीवर ठेवला होता. तिला दुःख झालं, पण त्याहून कितीतरी मोठं असं काही झालं, ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता. एखाद्या डोंगराचं नाव जन्मभर ऐकावं आणि एके दिवशी ढग हटून तो समोर दिसावा, तसं काहीसं.

तोकुजी तिला बाजूला घेऊन गेला. आता तोही सगळं समजला होता.

"अगं, ऐक माझं," तो म्हणाला. "पेटी आहे तशी राहू दे. गावात आपण जिंकलोच आहोत. सम्राटांच्या दाराशी ठेवलेली पेटी, न उघडलेली. नातवंडं-पतवंडं नाव काढतील. उघडलीस की ती बाकीच्या लडींमधली एक लड."

"आणि न उघडली तर?"

"तर तुझ्याहून चांगला धागा कुणी काढला असं कुणालाच म्हणता येणार नाही."

"मी काढला असंही म्हणता येणार नाही," सायो म्हणाली.

ती यंत्राच्या दालनाकडे चालू लागली. तिला ते यंत्र बघायचं होतं, बघायचं म्हणजे हात लावायचा होता. तिच्या मनात एक मोठं लोखंडी जनावर होतं, जे एका तोंडाने कोष खातं आणि दुसऱ्या तोंडाने धागा सोडतं. यंत्र होतंच, चाकं फिरत होती, वाफेचा फुत्कार होता, जमीन पायाखाली थरथरत होती. पण त्या सगळ्याच्या पुढ्यात एक पातेलं होतं आणि पातेल्याशी एक बाई बसली होती. तिचं नाव हिसे. शिन्शू मुलखातली, बावीस-तेवीस वर्षांची, कारखान्यातून काम दाखवायला आलेली. सायोला आधी तो वास आला, गरम पाण्यातल्या कोषांचा ओला, आंबूस, घरचा वास.

"पोरी, यंत्र कुठंय?" तिने विचारलं.

"हे काय, मावशी. चाक ते फिरवतं, पाणी ते तापवतं."

"आणि टोकं कोण शोधतं?"

हिसे हसली. तिने पाण्यातून डावा हात काढला आणि सायोच्या हातात दिला. सायोने एकेक बोट चाचपलं. टोकं मऊ, सुजरी, कातडी निघालेली. तिची स्वतःची बोटं तिशीत अशीच होती. तिने तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली तरी सोडला नाही.

"कोष संपत आला की कसं कळतं तुला?" तिने विचारलं.

"बोटांना कळतं," हिसे म्हणाली. "पहिल्या वर्षी नव्हतं कळत. आमची शिकवणारी बाई फार मारकुटी होती."

"चांगली होती," सायो म्हणाली.

ती परत आली ती तरातरा. तोकुजी मागे पडला. फळीपाशी मिझोनो तिची वाट अडवून उभे राहिले, पण त्यांच्या उभं राहण्यात फारसा दम नव्हता. सायोने त्यांना विचारलं की तुमच्या घरी देवापुढे भात ठेवतात का? ठेवतात, ते म्हणाले. मग दुपारी त्याचं काय करता?

"खाली काढतो आणि खातो."

"देवाचं पाप लागतं का?"

"नाही. तो खाल्ल्याशिवाय पूजा पुरी होत नाही."

"मग सरका," सायो म्हणाली.

ते सरकले. मघाशी ओस पडलेलं दालन आता माणसांनी भरलं होतं, आणि मागून परीक्षकांच्या येण्याची कुजबूज पुढे सरकत होती. पुजाऱ्यांनी बांधलेली गाठ ओढली की घट्ट होणारी होती, ती कात्रीनेच काढतात. सायोने कात्री मागितली नाही. तिने डोळे मिटले, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता, आणि पाण्यातला कोष शोधावा तशी बोटं गाठीवर फिरवली. तिला टोक सापडलं. एक वळसा मागे गेला, मग दुसरा. कागदी दोरी कुठेही न चुरगळता सरळ तिच्या हातात आली. पट्टी सुटली, झाकण वर आलं, आणि अकरा सकाळींचं ते काम पाच महिन्यांनी उजेडात आलं. कुणीतरी आत श्वास ओढल्याचं तिने ऐकलं. तिने लड दोन्ही हातांनी उचलली आणि मुद्दाम कारखान्याच्या लडीला लागून ठेवली.

परीक्षक दोघं होते, एक म्हातारा, एक तरुण, आणि मागे वही धरलेला कारकून. म्हाताऱ्याने फळीकडे पाहून विचारलं की ही पेटी उघडली वाटतं? मिझोनोंनी सांगितलं की करणाऱ्या बाईंनी स्वतः उघडली. म्हाताऱ्याने लड उचलली. सायोला त्याचं तोंड दिसत नव्हतं. तिला धागा बोटांवरून सरकल्याचा आवाज तेवढा आला, जो दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. मग त्याने कारखान्याची लड उचलली. तोच आवाज. मग पुन्हा तिची. असं त्याने तीनदा केलं. तरुण परीक्षक म्हणाला की आपल्याला अजून दोन दालनं बघायची आहेत. म्हाताऱ्याने त्याला हाताने गप्प केलं.

"लिहा," तो शेवटी कारकुनाला म्हणाला. "हाताने काढलेला धागा. कारखान्याच्या धाग्याहून एक पायरी कमी."

ते पुढे गेले. तोकुजीचे कान लाल झाले. एवढं चालून आलो, एवढं सोसलं, आणि तिच्यासमोर तोंडावर कमी म्हणाले, आडून तरी म्हणायचं. आता हिला कसं समजवावं याचा विचार करत तो तिच्याकडे वळला, तर सायोने कारकुनाची बाही पकडली होती. तो बिचारा सुटायची धडपड करत होता.

"काय म्हणाले ते?" ती विचारत होती. "पुन्हा वाचा. तेवढं शेवटचं."

कारकुनाने वाचलं.

"एक?" सायो म्हणाली. "एकच पायरी?"

"एकच," कारकून म्हणाला. "असं लिहिलंय."

तिने त्याची बाही सोडली. मग ती तिथेच, फळीखालच्या जमिनीवर बसली आणि रडू लागली, आणि तोकुजी शेजारी उकिडवा बसून लोकांना सांगत राहिला की काही नाही, काही नाही, बाईला आनंद झालाय.